लोहगावचा हवाई तळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याचा विमानतळ हवाई दलाचा आहे, असे म्हणतात. म्हणजे नेमके काय?

प्रवासी ज्याला पुणे विमानतळ म्हणतात, तो मुळात भारतीय हवाई दलाचा लोहगाव येथील तळ आहे. धावपट्टी हवाई दलाची आहे, हवाई वाहतूक नियंत्रण कक्षात हवाई दलाचे अधिकारी बसतात आणि विमान कधी उतरेल, कधी उडेल याचा अंतिम निर्णय त्यांचा असतो. भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे तळाच्या एका कडेला असलेला नागरी भाग आहे. त्यात टर्मिनल, प्रवासी विमाने उभी करण्याची जागा आणि त्यासाठी लागणाऱ्या सुविधा येतात. हवाई दलाच्या भाषेत अशा भागाला ‘सिव्हिल एन्क्लेव्ह’ म्हणतात. श्रीनगर, लेह, जोधपूर, चंडीगड या ठिकाणीही अशीच व्यवस्था आहे. त्यामुळे ‘नागरी विमानतळावर लष्कराने जागा अडवली आहे’ ही अधूनमधून ऐकू येणारी तक्रार इतिहासाच्या दृष्टीने उलटी आहे. तळ आधीचा असून नागरी वाहतूक त्याच्या अंगणात नंतर आली.

हा तळ कधी आणि कशासाठी उभारण्यात आला?

लोहगावची धावपट्टी १९३९ मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास, मुख्यतः मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारण्यात आली. जागेची निवड नकाशा समोर ठेवला की लगेच उमगते. मुंबई हे पश्चिम किनाऱ्यावरचे सर्वांत मोठे बंदर होते, परंतु किनाऱ्यावरचा तळ समुद्रातून येणाऱ्या हल्ल्याला सहज सापडतो, शिवाय कोकणातला पाऊस चार महिने उड्डाणांच्या आड येतो. सह्याद्रीच्या पूर्वेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचीवर असलेल्या पठारावर पाऊस बराच कमी पडतो, जमीन सपाट आणि टणक आहे आणि मुंबई विमानाने काही मिनिटांच्या अंतरावर आहे. पुण्यात लष्कराची मोठी छावणी आधीपासून होती, त्यामुळे रसद, दवाखाने आणि रेल्वे यांची सोयही तयार होती.

युद्धकाळात येथे ब्रिटिश हवाई दलाची मॉस्किटो आणि वेलिंग्टन विमाने होती. मॉस्किटो हे बव्हंशी लाकडी बांधणीचे विमान. युरोपात नावाजलेल्या या विमानाचे सांधे भारतातल्या उष्ण, दमट हवेत दगा देऊ लागले आणि १९४४ च्या अखेरीस या भागातील मॉस्किटो विमाने काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. विमानाची निवड करताना हवामानही पाहावे लागते, हा धडा त्या काळातला आहे. मे १९४७ मध्ये हा तळ तत्कालीन रॉयल इंडियन एअर फोर्सच्या ताब्यात आला.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत येथे कोणती विमाने होती?

यादी लांब आहे आणि बरीचशी नावे आज संग्रहालयांतच दिसतात. त्यांपैकी लिबरेटर या चार इंजिनांच्या अजस्र बॉम्बफेकी विमानाची कथा मात्र सांगण्याजोगी आहे. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरजवळ चकेरी येथे ही अमेरिकी बनावटीची विमाने टाकून दिली होती. ती पुन्हा कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून त्यांची मुद्दाम मोडतोडही करण्यात आली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीच्या कामगारांनी आणि अभियंत्यांनी त्या भंगारातून सुटे भाग जुळवले, विमाने एकेक करून बंगळूरला उडवत नेली आणि चाळीसच्या आसपास लिबरेटर पुन्हा सेवेत आणली. नवस्वतंत्र देशाच्या तिजोरीला परवडेल असे ते बॉम्बफेकी दल होते.

१ जानेवारी १९५१ रोजी ६ क्रमांकाची स्क्वाड्रन याच लिबरेटरसह पुण्यात पुन्हा उभी राहिली आणि समुद्रावर दूरवर टेहळणी करण्याचे काम तिच्याकडे आले. लिबरेटर १९६८ च्या अखेरीपर्यंत हवाई दलात होती. जगातल्या बहुतेक देशांनी ती त्याच्या खूप आधी मोडीत काढलेली होती. याच स्क्वाड्रनकडे पुढे जहाजांवर मारा करणारी जॅग्वार विमाने आली आणि आज तिचे ठिकाण जामनगर आहे. पुण्यासारख्या समुद्र नसलेल्या शहरात सागरी टेहळणीचे पथक होते हे ऐकून अनेकांना नवल वाटते, पण हजारो किलोमीटर उडू शकणाऱ्या विमानाला सह्याद्री ओलांडायला कितीसा वेळ लागणार?

गोवा मुक्तीच्या कारवाईत लोहगावचा वाटा काय होता?

या तळाच्या इतिहासातील हे सर्वांत ठळक प्रकरण म्हणता येईल. डिसेंबर १९६१ मध्ये ‘ऑपरेशन विजय’साठी हवाई दलाने आपली ताकद मुख्यतः पुणे आणि बेळगावजवळील सांबरा या दोन तळांवर एकवटली होती आणि हवाई कारवाईची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. १८ डिसेंबरच्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमानांनी दाभोळी विमानतळाच्या धावपट्टीवर सुमारे ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब टाकले. त्यानंतर आणखी ८ कॅनबेरांनी दुसरा हल्ला केला. त्याच दिवशी हंटर विमानांनी बांबोळी येथील बिनतारी संदेश केंद्र उद्ध्वस्त केले आणि गोव्याचा बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क तुटला.

या हल्ल्यांतील एक बारकावा लष्करी इतिहासाच्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. वैमानिकांना धावपट्टी निकामी करण्याचा आदेश होता, पण टर्मिनलची इमारत आणि नियंत्रण मनोरा यांना शक्य तितका धक्का लावू नये, असेही बजावलेले होते. दुसऱ्याच दिवसापासून हा विमानतळ भारताला वापरायचा होता, हे उघडच होते. या संयमामुळे तळावर उभी असलेली दोन पोर्तुगीज प्रवासी विमाने बचावली. रात्रीच्या अंधारात धावपट्टीच्या उरलेल्या भागाची घाईघाईने डागडुजी करून ती दोन्ही विमाने अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन कराचीच्या दिशेने निसटली. धावपट्टीवर बॉम्ब पडले म्हणजे ती कायमची बंद पडते, असा जो सर्वसाधारण समज आहे, त्याला हे चांगले उत्तर आहे. दहा वर्षांनी, १९७१ च्या युद्धात, भूजची उद्ध्वस्त धावपट्टी माधापर गावच्या सुमारे ३०० स्त्रियांनी ७२ तासांत पुन्हा उभी केली, तेव्हा याच गोष्टीचा आपल्या बाजूने प्रत्यय आला.

सुखोई विमानांचा आणि पुण्याचा संबंध कसा जुळला?

भारताने रशियाशी सुखोई-३० विमानांचा करार ३० नोव्हेंबर १९९६ रोजी केला. पहिली ८ विमाने १९९७ मध्ये लोहगावला आली आणि जून १९९७ मध्ये तत्कालीन पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांच्या उपस्थितीत ती येथेच २४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये रीतसर दाखल झाली. ही सुरुवातीची विमाने भारताला हवी होती तशी पूर्ण विकसित नव्हती. करारातच टप्प्याटप्प्याने सुधारणा ठरलेली होती आणि त्या सुधारणांचे फळ म्हणजे सुखोई-३० एमकेआय. त्याची पहिली तुकडी २७ सप्टेंबर २००२ रोजी २० क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या रूपाने पुन्हा पुण्यातच उभी राहिली. सुरुवातीची विमाने पुढे रशियाला परत करण्यात आली, ती काही वर्षे बेलारूसमध्ये पडून होती आणि त्यांतली काही अखेर आफ्रिकेतील अंगोलाने विकत घेतली. लोहगावच्या आकाशात कधीकाळी घिरट्या घालणारी विमाने अंगोलाच्या आकाशात असावीत, हा शस्त्रव्यापाराचा एक विचित्र प्रवास आहे.

पुण्याचीच निवड का झाली, याचे एक व्यवहारी कारण नाशिकमध्ये सापडते. ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे आणि मिग विमाने तिथे आधीपासून बनत होती. सुखोईंचे परवान्याखालील उत्पादनही पुढे तिथेच सुरू झाले. हवाई दलाचा ११ क्रमांकाचा दुरुस्ती डेपोही ओझरलाच आहे. नव्या आणि गुंतागुंतीच्या विमानाची पहिली काही वर्षे कारखान्याच्या जवळ काढणे केव्हाही शहाणपणाचे असते.

२० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचेच वैमानिक २००८ मध्ये ८ सुखोई घेऊन अमेरिकेतील नेलिस तळावर ‘रेड फ्लॅग’ या सरावासाठी गेले होते. वाटेत हवेतच इंधन भरत केलेला हा प्रवास स्वतःच एक मोठी कसोटी होती.

पाकिस्तान आणि चीन या दोन्ही सीमांपासून पुणे इतके दूर आहे. मग लढाऊ विमाने येथे ठेवण्यात काय अर्थ आहे?

दूर असणे हाच या तळाचा मोठा गुण आहे. सीमेलगतच्या तळावर हल्ला झाला तर इशारा मिळायला फार तर काही मिनिटे मिळतात. ६ सप्टेंबर १९६५ रोजी पठाणकोटवर पाकिस्तानी सेबर विमानांनी अचानक हल्ला केला आणि उघड्यावर उभी असलेली १० भारतीय विमाने जमिनीवरच नष्ट झाली. त्यानंतर देशभरातील तळांवर विमानांसाठी भिंतींचे आणि काँक्रीटचे आडोसे बांधण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. पण आडोसे कितीही भक्कम असले तरी अंतराची जागा ते घेऊ शकत नाहीत. खोलवर असलेल्या तळावर प्रशिक्षण, दुरुस्ती आणि राखीव ताकद सुरक्षित राहते आणि गरज पडताच ती पुढच्या तळांवर हलवता येते.

सुखोई-३० एमकेआय इंधन न भरता सुमारे ३,००० किलोमीटरचा पल्ला गाठू शकते आणि हवेत इंधन भरता आले तर त्याहून बराच जास्त. त्यामुळे पुण्याहून उडालेले विमान राजस्थानच्या सीमेचा विचार करू शकते आणि अरबी समुद्राचाही. मुंबईचे बंदर, किनाऱ्यावरचे तेलशुद्धीकरण कारखाने, मुंबई हायची तेलक्षेत्रे आणि तारापूर व तुर्भे येथील अणुप्रकल्प हे सारे या तळाच्या टप्प्यात येतात. प्रशासकीयदृष्ट्या हा तळ गांधीनगर येथे मुख्यालय असलेल्या नैर्ऋत्य हवाई कमांडच्या अखत्यारीत आहे.

‘विंग’ आणि ‘स्क्वाड्रन’ यांत फरक काय?

स्क्वाड्रन म्हणजे एकाच प्रकारची, साधारण १६ ते १८ विमाने बाळगणारे लढाऊ पथक. विंग म्हणजे अशा पथकांना पोसणारा संपूर्ण तळ. लोहगावचा तळ हवाई दलात ‘२ विंग’ म्हणून ओळखला जातो आणि त्याचा प्रमुख साधारणपणे एअर कमोडोर दर्जाचा अधिकारी असतो. स्क्वाड्रन एका तळावरून दुसऱ्या तळावर जाऊ शकते आणि लोहगावहून अनेक गेल्याही आहेत. विंग मात्र जागच्या जागी राहते.

तळाच्या भिंतीआड दिवसभर काय चालते?

बाहेरच्याला फक्त उडणारी विमाने दिसतात, पण तळाचे बहुतेक मनुष्यबळ जमिनीवर राबत असते. एका लढाऊ विमानाच्या तासाभराच्या उड्डाणामागे कित्येक तासांची देखभाल असते. इंजिन, हवाई इलेक्ट्रॉनिक्स, शस्त्रसामग्री आणि वैमानिकाचे सुटकेचे आसन यांची स्वतंत्र पथके असतात आणि प्रत्येकाने आपापल्या कामाची सही केल्याशिवाय विमान सोडले जात नाही. याशिवाय हवामान कक्ष, रडार, अग्निशमन दल, इंधनसाठा, दारूगोळ्याचे कोठार, रुग्णालय, शाळा आणि कुटुंबांची वसाहत असते. धावपट्टीच्या टोकाजवळ काही विमाने शस्त्रसज्ज ठेवण्याची पद्धत लढाऊ तळांवर असते, म्हणजे इशारा मिळताच वैमानिक थेट आकाशात झेपावू शकतो. ब्रेक निकामी झालेले विमान अडवण्यासाठी धावपट्टीच्या शेवटी उभारता येणारी जाळी असते. सकाळी पहिल्या उड्डाणाआधी कर्मचारी धावपट्टीवरून फिरून एखादा खडा, खिळा किंवा नट पडला आहे का हे पाहतात, कारण जेट इंजिनाने तेवढी वस्तू आत ओढली तरी कोट्यवधी रुपयांचे नुकसान होते.

नागरी विमानांच्या वेळा इतक्या मर्यादित का असतात?

कारण धावपट्टी एकच आहे. तिची लांबी सुमारे २,५३५ मीटर असून ती जवळजवळ पूर्व-पश्चिम जाते, म्हणूनच तिच्या टोकांवर १० आणि २८ हे आकडे लिहिलेले आहेत. हे आकडे होकायंत्रातील १०० आणि २८० अंशांचे संक्षिप्त रूप आहेत. लढाऊ विमाने गटाने उडतात आणि गटाने उतरतात, त्यांच्याकडे थांबायला पुरेल इतके इंधन नसते, त्यामुळे सरावाच्या वेळी नागरी विमानांना थांबावे लागते. मोठ्या, लांब पल्ल्याच्या प्रवासी विमानांना पूर्ण भाराने उडण्यासाठी धावपट्टीची लांबीही अपुरी पडते आणि ती वाढवण्याचा प्रस्ताव भूसंपादनाशी जोडलेला आहे.

धावपट्टी एकच असण्याचा अर्थ पुणेकरांना ऑक्टोबर २०२० ते ऑक्टोबर २०२१ या वर्षभरात चांगलाच कळला. पृष्ठभागाच्या नूतनीकरणासाठी रात्रीची उड्डाणे वर्षभर बंद होती आणि १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात विमानतळ पूर्णपणे बंद ठेवावा लागला. १४ जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या नव्या टर्मिनलमुळे प्रवाशांची गर्दी सामावली गेली, पण टर्मिनल कितीही मोठे केले तरी धावपट्टीवर तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या त्याने वाढत नाही. ही साधी गोष्ट चर्चेत फार वेळा निसटते.

तळाच्या परिसरात इमारतीच्या उंचीवर निर्बंध का असतात?

विमान उतरताना तिरक्या रेषेत खाली येते, त्या रेषेच्या खाली ठरावीक उंचीच्या वर काहीही असू नये, एवढाच या नियमांचा गाभा आहे. नागरी विमानतळांच्या बाबतीत ना हरकत प्रमाणपत्र विमानतळ प्राधिकरण देते, पण हवाई दलाच्या तळांच्या बाबतीत ते हवाई दलाकडून घ्यावे लागते. संरक्षण आस्थापनांभोवतीच्या बांधकामावर निर्बंध घालण्यासाठी १९०३ चा एक जुना कायदाही आहे. एकेकाळी माळरान असलेल्या विमाननगर, वडगाव शेरी, खराडी, धानोरी या भागांत गेल्या तीन दशकांत दाट वस्ती झाल्याने हे निर्बंध आज अनेकांना जाचक वाटतात. घर घेण्यापूर्वी त्या इमारतीचे उंचीविषयक प्रमाणपत्र तपासणे खरेदीदाराच्याच हिताचे आहे.

कचरा आणि पक्षी यांचा विमानाशी काय संबंध?

फार जवळचा आहे. उघड्यावर टाकलेला कचरा आणि मांसाचे अवशेष यांवर घारी जमतात, घारी उष्ण हवेच्या झोतावर घिरट्या घालतात आणि नेमक्या त्याच उंचीवर विमान उतरत असते. त्यामुळेच विमानतळाच्या १० किलोमीटर परिघात उघड्यावर जनावरे कापण्यास आणि कचरा टाकण्यास १९३७ च्या विमान नियमांत बंदी घालण्यात आली. नियम स्पष्ट असला तरी अंमलबजावणी स्थानिक संस्थांच्या सफाईवर अवलंबून असते आणि खरी अडचण तिथेच आहे.

परिसरात ड्रोन उडवता येतो का?

परवानगीशिवाय नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत निर्बंध लागू होतात आणि तळाच्या लगतच्या भागात तर केंद्र सरकारच्या परवानगीची आवश्यकता असते. लग्नसमारंभात छायाचित्रकाराने उडवलेला ड्रोनही यातून सुटत नाही. तळावर आणि विमान धावपट्टीवर असताना खिडकीतून छायाचित्रे घेणेही टाळावे.

या तळावर किंवा परिसरात अपघात झाले आहेत का?

झाले आहेत. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी लोहगावकडे परतणारे सुखोई थेऊरजवळ कोसळले. दोन्ही वैमानिक आसनासह बाहेर फेकले जाऊन वाचले. त्यानंतर तपासणीसाठी हवाई दलाने आपली सर्व सुखोई विमाने काही काळ जमिनीवर ठेवली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीला निघालेल्या एका प्रवासी विमानासमोर ऐन उड्डाणाच्या क्षणी धावपट्टीवर जीप आली. वैमानिकाने विमान वेळेआधीच उचलले आणि मोठा अनर्थ टळला. एकाच पट्टीवर दोन यंत्रणा काम करत असताना किती काटेकोर राहावे लागते, ते या प्रसंगाने दाखवून दिले.

राष्ट्रपतींनी येथून लढाऊ विमानातून उड्डाण केले होते, हे खरे आहे का?

होय, आणि एकदा नव्हे तर दोनदा. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ८ जून २००६ रोजी लोहगावहून सुखोई-३० एमकेआयमधून उड्डाण केले. लढाऊ विमानातून उडणारे ते पहिले भारतीय राष्ट्रपती. जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांनी २५ नोव्हेंबर २००९ रोजी याच तळावरून तसेच उड्डाण केले. उड्डाणाच्या वेळी दोघांचेही वय ७४ वर्षे होते, हा योगायोग फारसा कोणाच्या लक्षात येत नाही.

येथे सध्या किती विमाने आहेत?

पथकांच्या नेमणुका आणि संख्या बदलत असतात, आणि तो तपशील जाहीर चर्चेचा विषय नाही.

पुरंदरचा विमानतळ झाल्यावर लोहगावचा तळ बंद होईल का?

पुरंदरचा प्रस्ताव नागरी वाहतुकीसाठी आहे. लोहगावच्या मर्यादा लक्षात घेऊनच तो पुढे आला. लढाऊ तळाची जागा तयार टर्मिनलने भरून निघत नाही, कारण दारूगोळ्याची कोठारे, आडोसे, कार्यशाळा आणि वसाहती यांचे जाळे उभे व्हायला दशके लागतात. नागरी वाहतूक कमी झाली तर सरावाला उलट अधिक मोकळीक मिळेल.

गावाचे नाव लोहगाव की लोहेगाव? आणि विमानतळाला तुकाराम महाराजांचे नाव का सुचवले गेले?

मराठीत गावाचे नाव लोहगाव असेच आहे. इंग्रजी स्पेलिंगमुळे ‘लोहेगाव’ हा उच्चार रूढ झाला आणि तळाच्या कागदपत्रांतही तोच शिरला. परंपरेनुसार लोहगाव हे संत तुकाराम महाराजांचे आजोळ मानले जाते, त्यांच्या आई कनकाई येथल्या मोझे घराण्यातल्या, आणि महाराजांची कीर्तने येथे होत असत असे सांगतात. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजूर केलेला ‘जगद्गुरू संत तुकाराम महाराज’ या नावाचा प्रस्ताव नागरी विमानतळापुरता आहे. हवाई दलाच्या दृष्टीने हा तळ आजही ‘२ विंग’च आहे.